आपली गोष्ट आपणच मांडावी : शाहीर अण्णा भाऊ साठे आणि त्यांचे कलापथक

जिल्हा परिषदेच्या नाहीतर कलेक्टर कचेरीच्या कामासाठी तुमच्यापैकी पुष्कळांना ठाण्याला खेपा घालाव्या लागतात. स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडले की थोड्याच अंतरावर नौपाडा. शहराच्या ऐन मध्यावर असूनही नावात पाडा शिल्लक राहिलेला हा भाग. त्याच्याच बाजूला मासुंदा तलाव, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली तलावपाळी, आणि काठावर राम गणेश गडकरी रंगायतन. १९७८ साली उभे राहिलेले हे नाट्यगृह सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. साहेब दुपारनंतर भेटतील असे कचेरीत सांगितले की आपण तलावपाळीवर येऊन बसतो आणि रंगायतनावरचे नाटकांचे बोर्ड वाचतो. तिकीट काढून आत जाणारे आपल्यातले किती, ते ज्याचे त्याने मनाशी म्हणावे.

याच ठाण्यात झोपडवस्तीतल्या मुलामुलींनी आपली नाटके आपणच तयार करण्याचा एक उपक्रम झाला. नाटककार रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी समता विचार प्रसारक संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर तो सुरू केला. नाव ठेवले वंचितांचा रंगमंच. लिहिलेले नाटक आणून मुलांकडून पाठ करून घ्यायचे, अशी नेहमीची रीत. इथे मुलांनी आपल्या वस्तीतला विषय घ्यायचा, आपसात बोलून प्रसंग रचायचा आणि आपणच तो करून दाखवायचा. मोठ्या माणसांचे काम वाट दाखवण्यापुरते.

हे वाचून तुम्ही म्हणाल, ही शहरातली गोष्ट, आमच्या गावाला तिचा काय उपयोग? तर मंडळी, ही वाट गावाकडूनच शहरात गेलेली आहे. तमाशाच्या फडात वाढलेल्या एका खेड्यातल्या पोराने ती मुंबईच्या कामगार वस्तीत नेली आणि तिथून पुन्हा महाराष्ट्रभर फिरवली. त्या पोराचे नाव तुकाराम भाऊराव साठे. सगळा महाराष्ट्र त्यांना अण्णा भाऊ साठे म्हणून ओळखतो. दर १ ऑगस्टला त्यांच्या फोटोला हार घातला जातो, ठिकठिकाणी मिरवणुका निघतात. पण या माणसाने नेमके काय केले आणि त्यातले आपण काय उचलावे, हे हाराखाली झाकून जाते. म्हणून आज त्यांची हकीकत थोडी सविस्तर सांगतो.

वाटेगावचा तुकाराम

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. गाव वाटेगाव, तालुका वाळवा. आज तो सांगली जिल्हा, तेव्हा सातारा. वडील भाऊराव, आई वालुबाई. जात मांग. दोर, कासरे, चऱ्हाटे वळणे, केरसुण्या बांधणे आणि लग्नकार्यात हलगी वाजवणे ही या समाजाची पिढीजात कामे. तुमच्या आजोबांचा बैल ज्या दाव्याला बांधला जायचा, ते दावे वळणारे हात बहुधा याच घरातले असायचे. पण ज्याच्या दोरावाचून शेती अडायची, त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर.

त्यात इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे मांग समाजालाही त्यात गोवले. गुन्हा कोणी केलेला असो वा नसो, धडधाकट माणसाने गावच्या पाटलाकडे हजेरी द्यायची. रात्री गावात कुठे चोरी झाली की पहिला संशय याच वस्तीवर. आज पोलीस पाटील म्हणून काम करणाऱ्या मंडळींनी हा इतिहास जरूर ध्यानात ठेवावा. देश स्वतंत्र झाल्यावर, १९५२ साली, हा कायदा साऱ्या देशातून गेला. मनातला शिक्का जायला मात्र फार वेळ लागला. काही ठिकाणी तो अजून गेलेला नाही.

अण्णा भाऊ शाळेत गेले ते जेमतेम दीड दिवस, असे सांगतात. पण गावात दुसरी एक शाळा होती, ती तमाशाची. त्यांच्या भावकीतल्या बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. ढोलकी, हलगी, तुणतुणे, वगातली सवाल-जवाबाची चढाओढ आणि हसवता हसवता चिमटा काढणारा सोंगाड्या, हे सगळे त्यांनी तिथे जवळून पाहिले आणि अंगात मुरवले. पुढे आयुष्यभर हेच शिक्षण त्यांच्या कामी आले.

मुंबईची वाट

१९३० नंतरच्या दिवसांत दुष्काळ आणि बेकारी यांनी गावात जगणे कठीण झाले. भाऊराव बायकामुलांना घेऊन मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. वाटेत मिळेल ती मजुरी करत हे कुटुंब पायी मुंबईला पोचले. दुष्काळात घर सोडावे लागणे म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. उसाच्या तोडीला, वीटभट्टीला, बांधकामावर जाणारी कुटुंबे आजही आपल्या डोळ्यांसमोरून जातात.

मुंबईत पोराने काय केले नाही? हमाली केली, फेरीवाल्याचे काम केले, गिरणीत राबला. अक्षरे कळू लागली ती दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरची पोस्टरे पाहून, जवळच्या मंडळींना विचारून. गिरणीतले संप, मोर्चे आणि सभा यांतून कामगार चळवळीशी गाठ पडली आणि अण्णा भाऊ कम्युनिस्ट पक्षाकडे ओढले गेले. मधल्या काळात गावी परत गेले, तेव्हा १९४२ ची धामधूम चालू होती. सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहत होते. अण्णा भाऊही त्या वाऱ्यात सापडले आणि पुढे पुन्हा मुंबईला आले.

मुंबईत त्यांचा मुक्काम माटुंग्याच्या लेबर कॅम्पात असे. पावसाळ्यात चिखल, बारा महिने डास, अशी ती मजुरांची वस्ती. तिथल्या तरुण मंडळींत अण्णा भाऊ रमले आणि तिथेच गाणी रचू लागले. कॅम्पातल्या मच्छरांवर त्यांनी रचना केली होती, असे सांगतात. विषय किती साधा बघा. ज्याचा त्रास रोज होतो तोच विषय, आणि ऐकणाराही त्याच त्रासातला, म्हणून गाणे लगेच तोंडी बसते. पुढे १९४३ साली त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. मच्छरापासून महायुद्धापर्यंत काहीही आपल्या माणसांना समजेल अशा भाषेत सांगता येते, हे त्यातून दिसून आले.

तिघे शाहीर, एक पथक

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, बार्शीचे शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गव्हाणकर यांनी मिळून लाल बावटा कलापथक काढले. तिघेही तेव्हा तरुण. अण्णा भाऊंचे वय चोवीस, अमर शेख अठ्ठावीसच्या आसपास. अमर शेखांचा पहाडी आवाज आणि अण्णा भाऊंची लेखणी, असा हा जोड होता. पैसा नव्हता, नाट्यगृह नव्हते, पडदे नव्हते. होती ती डफ-ढोलकी, गळा आणि सांगण्यासारखी गोष्ट.

नावावरून कळतेच की हे कम्युनिस्ट पक्षाच्या चळवळीतले पथक. तुम्हांपैकी कोणाला तो झेंडा पटेल, कोणाला पटणार नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण काम करण्याची त्यांची रीत सगळ्यांनी पाहण्यासारखी आहे.

आपल्या जिल्ह्यालाही हे दिवस परके नाहीत. १९४५ च्या जानेवारीत कल्याण तालुक्यातल्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. ज्या चळवळीची ती परिषद, त्याच चळवळीचे हे कलापथक. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी त्या परिषदेसाठी गावोगाव फिरून शेतकऱ्यांना गोळा केले होते. उंबरगाव भागातले वारली आदिवासी तिथे आले, आपली गाऱ्हाणी त्यांनी दहा लोकांसमोर मांडली, आणि त्याच वर्षी उंबरगाव-डहाणू भागात वेठबिगार आणि लग्नगडी या चालींविरुद्ध वारल्यांचा उठाव उभा राहिला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायकोने जमीनदाराकडे जन्मभर राबायचे, ही ती लग्नगड्याची चाल. ज्यांनी तोंड उघडण्याची कोणाला सवय नव्हती, ते बोलायला लागले की काय होते, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिलेले आहे.

तमाशाचे लोकनाट्य कसे झाले?

जुन्या तमाशाची बांधणी तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना पाठ आहे. आधी गण, मग गौळण, बतावणी आणि शेवटी वग. अण्णा भाऊंनी ही चौकट मोडली नाही, आतला माल बदलला. गणात त्यांनी मायभूमीला, शिवछत्रपतींना आणि देशासाठी खपलेल्यांना वंदन केले. कृष्ण आणि गवळणींची छेडछाड त्यांनी गाळली. वगात राजा-राणीच्या जागी शेतकरी, मजूर, सावकार, शेटजी, पुढारी आणले. सोंगाड्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. खरे बोलायची सोय त्याच्याच तोंडी असते, हे त्यांना फडातच कळले होते.

१९४५ च्या सुमाराचे त्यांचे अकलेची गोष्ट हे लोकनाट्य गाजले. पुढे शेटजींचे इलेक्शन, देशभक्त घोटाळे, माझी मुंबई, लोकमंत्र्यांचा दौरा अशी एकामागून एक लोकनाट्ये आली. नुसती नावे वाचली तरी विषय कळतो. बंगालच्या दुष्काळावर त्यांनी पोवाडा केला, अमळनेरच्या गिरणी कामगारांवर झालेल्या गोळीबारावर केला, फाळणीच्या दंगलींवर केला. ज्या काळी खेड्यात वर्तमानपत्र एखाद्याच घरी यायचे आणि वाचणाराही एखादाच असायचा, त्या काळी देशात काय चालले आहे ते लोकांना या पोवाड्यांतून कळायचे.

हे सगळ्यांनाच कसे रुचावे? स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंधने घातली, कलापथकांच्या मागे पोलिसांचा ससेमिरा लागला. तेव्हा तमाशा हे नाव मागे पडून लोकनाट्य हे नाव पुढे आले. नावाला मान मिळाला आणि ज्या घरांतली माणसे तमाशाच्या वाटेला जात नसत, तीही पाहायला येऊ लागली. हा बदल घडवणाऱ्यांत अण्णा भाऊंचे नाव पुढे आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तर शाहिरांनी रान उठवले. सभेआधी शाहीर उभा राहिला की मैदान भरायचे. अण्णा भाऊंची मैनेवरची छक्कड त्या वेळी घरोघर पोचली. मुंबईला पोटासाठी आलेला गडी आणि गावाकडे राहिलेली त्याची कारभारीण, अशी ती साधी विरहाची रचना. पण बेळगाव, निपाणी, कारवार हा मुलूख महाराष्ट्राबाहेर राहतो आहे, ही सल त्यांनी तिच्यात गुंफली. ऐकणाऱ्याला आधी आपले घर आठवायचे आणि मग मुलूख. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तो सीमाभाग वगळून.

फकिरा आणि पुढे

कलापथक पुढे विस्कळीत झाले. अण्णा भाऊंची लेखणी मात्र चालूच होती. घाटकोपरच्या चिरागनगरात एका झोपडीवजा घरात बसून त्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या आणि कथांचे अनेक संग्रह लिहिले. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. १९५९ साली फकिरा कादंबरी प्रसिद्ध झाली. दुष्काळात आपली माणसे अन्नावाचून मरताना पाहून इंग्रजांचा खजिना आणि साठेबाजांचे धान्य लुटणाऱ्या, आणि आपल्यामुळे समाजाचे हाल होतात म्हणताच स्वतः सरकारच्या स्वाधीन होणाऱ्या मांग वीराची ही कथा. पुस्तक त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केले. १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तकही लिहिले. दीड दिवसाच्या शाळेवर वाटेगावचा तुकाराम मॉस्कोपर्यंत पोचला.

इथवर वाचून तुम्हांला वाटेल, मग आता बरे दिवस आले असतील. आले नाहीत. पुस्तके खपली, त्यांच्या कथांवर सिनेमे निघाले, पण घरातली ओढाताण संपली नाही. अखेरची वर्षे आजारपणात आणि तंगीत गेली. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी व्हायला दोन आठवडे राहिले असताना, ते गेले. पुढच्याच महिन्यात त्यांचे जोडीदार अमर शेखही मोटार अपघातात गेले. दीड महिन्याच्या आत महाराष्ट्राचे दोन मोठे आवाज बंद झाले.

मग सन्मान सुरू झाले. त्यांच्या नावाने १९८५ साली विकास महामंडळ स्थापन झाले. २००२ साली टपाल तिकीट निघाले. २०२० साली जन्मशताब्दी झाली. २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. हे सगळे योग्यच झाले. पण ज्याच्या गाण्यावर आपण टाळ्या वाजवल्या, त्याच्या घरात चूल पेटते का, हे टाळ्या वाजवणाऱ्यांनी वेळेवर पाहिले नाही. ही चूक आपण सगळ्यांची आहे. आजही गावच्या जत्रेत रात्रभर राबणाऱ्या ढोलकीवाल्याची बिदागी देताना आपण घासाघीस करतो, हे आठवले तर ती चूक फार जुनी वाटणार नाही.

गावाने काय करावे?

आता मुद्द्याचे. आपल्या गावात तरुण मंडळे आहेत. गणेशोत्सवात, नवरात्रात ती राबतात. कर्णा लावून सिनेमातल्या गाण्यांवर नाच बसवतात. त्यात वाईट काही नाही. पण हीच पोरे गावच्या नळयोजनेची गोष्ट मांडू शकतात, जी कागदावर पुरी झाली आणि नळाला पाणी नाही. सात-बाऱ्यावर बायकोचे नाव लावायला घरोघर का खळखळ होते, ते दाखवू शकतात. दारूपायी मोडलेला संसार, अवकाळी पावसात भिजलेले भात, कंपनीसाठी गेलेली जमीन आणि महिन्या-दोन महिन्यांत संपलेले पैसे, हे विषय त्यांच्या घरातलेच आहेत. बाहेरून कोणी लिहून देण्याची गरज नाही.

अण्णा भाऊंच्या पथकाची रीत पुढे ठेवली तर फारसे काही लागत नाही. दहा-बारा मुलेमुली, सगळ्या आळ्यांतली, पाड्यावरची आणि गावकुसाबाहेरचीही. एक ढोलकी, एक डफ. गावाला ठाऊक असलेला एक प्रश्न. आधी चार म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलून तो नीट समजून घ्यावा, मग प्रसंग करून पाहावा, जमेल तसा बदलावा, आणि बोली आपल्या गावचीच ठेवावी. आगरी असेल तर आगरी, कुणबी असेल तर कुणबी, वारली असेल तर वारली. एक पथ्य मात्र पाळावे. कोणा गरिबाचे, कोणाच्या जातीचे वा बाईमाणसाचे हसे करून टाळ्या घेऊ नयेत. अण्णा भाऊंचा सोंगाड्या मोठ्यांना चिमटे काढायचा, पडलेल्याला लाथ मारायचा नाही.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक मंडळींना एक विनंती. समाजमंदिराला बहुतेक दिवस कुलूप असते. संध्याकाळी दोन तास त्याची किल्ली या मुलांना द्या. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारीच्या ग्रामसभा तर ठरलेल्याच असतात. त्या दिवशी कामकाजाआधी अर्धा तास त्यांना उभे राहू द्या. ग्रामसभेला माणसे जमत नाहीत, कोरम होत नाही, अशी तुमची तक्रार असते. आपला पोरगा किंवा पोरगी उभी राहणार म्हटल्यावर आई-बाप, आजी-आजोबा येतातच.

आणि मुलांनी मांडलेली गोष्ट तुमच्यावरच बेतलेली निघाली तर? होईल तसे. एखादा सोंगाड्या ग्रामसेवकाची चाल उचलेल, सरपंचाच्या बोलण्याची नक्कल करेल. तेव्हा पुढच्या रांगेत बसून हसावे, आणि दुसऱ्या दिवशी नळाचे काम बघायला जावे. मुलांना गप्प बसवले तर तेच बोलणे पारावर कुजबुजत चालते, आणि कुजबुजीला उत्तर देता येत नाही.

१ ऑगस्ट दर वर्षी येतो. यंदा फोटोला हार घालाच. पण त्या संध्याकाळी गावातल्या मुलामुलींना एकदा विचारा, तुम्हांला गावाला काय सांगायचे आहे? आणि ते सांगायला त्यांना जागा, ढोलकी आणि चहापाण्यापुरते पैसे द्या. वाटेगावच्या तुकारामाला तेवढेसुद्धा कोणी हातात दिले नव्हते.